दिवे पॅरललमध्येच जोडा. सिरीज करायला गंज आहेच

प्रश्न देवगडहून आला आहे. थोडक्यात असा: पिकअप गाडी, मोसमात आंब्याच्या पेट्या आणि एरवी मासळी घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूरला रात्रीच्या फेऱ्या. घाटातल्या धुक्यासाठी पुढच्या बंपरवर ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प बसवून घेतले. बसवणाऱ्याने ते एकामागोमाग जोडले, म्हणजे पहिल्या दिव्यातून निघालेली वायर दुसऱ्यात आणि दुसऱ्याची बॉडीला (गाडीच्या लोखंडातूनच करंट बॅटरीच्या मायनसला परततो). दिवे पेटले, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. विचारल्यावर उत्तर मिळालं, "सिरीजमध्ये बॅटरीवर लोड येत नाही." मग चुलतभावाने ते सोडवून पॅरललमध्ये जोडले, म्हणजे प्रत्येक दिव्याला प्लसची आणि बॉडीची आपापली वायर. उजेड लख्ख पडला, पण दहा-पंधरा मिनिटांत डॅशबोर्डवरचा स्विच हात लावू देईना. आणि जाता जाता आणखी एक तक्रार: रात्री लाइट चालू असताना ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा मोठा होण्याऐवजी विझतो. तर सिरीज बरोबर की पॅरलल?

पॅरलल. त्यात दुमत नाही. पण तुम्ही तीन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून जे लिहिलंय तो एकच आजार आहे, नको तिथे झालेली सिरीज. पहिली माणसाने केली, दुसरी बारीक वायरने आणि तिसरी खाऱ्या वाऱ्याने. मी कणकवलीत सत्तावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. पहिल्या प्रकारची गाडी वर्षातून एखादी येते. तिसऱ्या प्रकारच्या पावसाळा संपला की रोज येतात.

आधी निखारे. गाडीत १२ व्होल्टची बॅटरी. दोन सारखे बल्ब एकामागोमाग जोडले की ते व्होल्ट वाटून घेतात, प्रत्येकाच्या वाट्याला सहा. लोकांना वाटतं, निम्मे व्होल्ट म्हणजे निम्मा उजेड. तसं नसतं. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या मानाने फार वेगाने पडतो. व्होल्ट दहा टक्क्यांनी घटले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, आणि व्होल्ट निम्म्यावर आले तर उजेड जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तोही पिवळा-तांबडा, कारण फिलामेंट हवं तेवढं तापतच नाही.

आता "लोड येत नाही" हे बघू. पॅरललमध्ये तुमचे दोन दिवे मिळून ११० वॅट घेतात, म्हणजे साधारण नऊ अँपिअर. सिरीजमध्ये दोघांतून मिळून तीनच अँपिअर जातात. म्हणजे लोड खरंच कमी झाला, तो माणूस खोटं बोलला नाही. पण वीज एक तृतीयांश जळते आणि उजेड मिळतो एक दशांश. एवढाच हिशेब असेल तर एक दिवा काढून ठेवा आणि दुसरा पूर्ण पेटवा, सिरीजपेक्षा पाचपट उजेड पडेल. शिवाय इंजिन चालू असताना दिव्यांना बॅटरी नाही, इंजिनावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर पोसतो. चालत्या गाडीत बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असतील तर नऊ अँपिअरसाठी काटकसर करायचं कारण नाही.

आपल्याकडे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीखाली सोडायच्या दिव्यांच्या माळेला दुकानदार "सिरीज"च म्हणतो. ते नाव उगाच पडलेलं नाही. जुन्या माळेत सहा-सहा व्होल्टचे चाळीसेक बारके बल्ब एकामागोमाग असत. २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जात. एक बल्ब गेला की सगळी माळ काळोखात, आणि मग आरतीच्या आधी घरातला कुणीतरी शिडीवर चढून एकेक बल्ब दाबत बसलेला. घरात ते चालतं. घाटात वळणावर एक बल्ब उडाला म्हणून दुसराही गेला तर चालत नाही. गाडीचा प्रत्येक दिवा कारखान्यातूनच पॅरलल येतो त्यामागचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं असं की ५५ वॅटचा हेडलाइट आणि पाच वॅटचा पार्किंग बल्ब, दोघांनाही पूर्ण १२ व्होल्ट हवेत.

गाडीत सिरीज नसतेच असं मात्र नाही. फ्यूज, स्विच, रिलेचे (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट हे सगळे दिव्याच्या सिरीजमध्येच असतात, नाहीतर ते दिवा बंद कसा करणार? बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचे दोन पंखे हळू फिरवायचे असतात तेव्हा सिरीजमध्ये आणि जोरात फिरवायचे तेव्हा पॅरललमध्ये जोडले जातात, रिलेच ती अदलाबदल करतात. बारा व्होल्टची एलईडी पट्टी बघा. दर तीन एलईडींनंतर कापायची खूण असते, कारण तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर यांची छोटी सिरीज, आणि अशा सगळ्या सिरीज एकमेकांना पॅरलल. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, तिघांचे नऊ-साडेनऊ, उरलेले रेझिस्टर खातो.

आणि एक सिरीज अशी की जी बहुतेकांना माहीतच नसते: डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा. जुन्या गाड्यांत त्याचं एक टोक चावीकडे आणि दुसरं अल्टरनेटरकडे असतं. चावी फिरवली की त्याच दिव्यातून थोडा करंट अल्टरनेटरला जातो आणि त्याला जाग येते. चार्जिंग सुरू झालं की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट होतात, करंटला जायला उतारच राहत नाही, म्हणून दिवा विझतो. हा एक बल्ब उडाला तर कित्येक जुन्या गाड्या चार्जच करत नाहीत आणि गिऱ्हाईक नवा अल्टरनेटर घालून बसतं. "दोन्ही टोकांना सारखे व्होल्ट आले की दिवा विझतो" हे लक्षात ठेवा. तुमच्या मागच्या दिव्याचं गुपित तेच आहे.

चिऱ्याच्या ट्रकवाल्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण त्यांच्या गाड्या २४ व्होल्टच्या असतात आणि १२ व्होल्टचे दोन दिवे सिरीजमध्ये जोडून ते काम भागवतात. दिवे अगदी सारखे असतील तर भागतं. पण एक बल्ब उडाला, दुकानात ५५ चा मिळाला नाही, १०० चा घातला, की झालं. सिरीजमध्ये जास्त व्होल्ट कमी वॅटच्या बल्बच्या वाट्याला येतात. ५५ वाल्याला पंधराच्या बरेच वर आणि १०० वाल्याला आठच्याही खाली. शंभरचा मिणमिणतो आणि पंचावन्नचा दोन-चार रात्रींत जातो. मग शिव्या बल्बच्या कंपनीला.

आता तुमचा तापणारा स्विच. भावाने जोडणी बरोबर केली, पण नऊ अँपिअर बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत आत नेले, दोन-तीन अँपिअरच्या पत्र्याच्या स्विचमधून फिरवले आणि परत बंपरपर्यंत बाहेर आणले. स्विचच्या आत दोन बारीक पत्रे एकमेकांना टेकतात, त्या टेकण्यात थोडा विरोध असतो. तो विरोध दिव्याच्या सिरीजमध्ये आला. वायरही त्याच सिरीजमध्ये आली. पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला साधारण पाव दशांश ओहम, म्हणजे ०.०२५ ओहम विरोध करते. सहा मीटर वायर धरली तर ०.१५ ओहम, नऊ अँपिअरने गुणा, सुमारे १.४ व्होल्ट वायरीतच संपले. उजेडातला जवळपास तिसरा हिस्सा तुम्ही वायर गरम करण्यात घालवताय. "लख्ख" वाटला तो आधीच्या निखाऱ्यांच्या मानाने.

यावर उपाय रिले, आणि तो शंभर-दीडशे जोडण्यांनंतरही मला कंटाळवाणा वाटत नाही, कारण फरक डोळ्यांना दिसतो. चार पायांचा साधा १२ व्होल्टचा रिले घ्या. पायांवर आकडे कोरलेले असतात: ३०, ८७, ८५, ८६. बॅटरीच्या प्लसवरून अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या, बॅटरीपासून वीतभर अंतरावरच १५ अँपिअरचा फ्यूज घाला आणि वायर ३० नंबरला द्या. ८७ मधून निघालेली वायर दोन फाटे करून दोन्ही दिव्यांना. ८५ बॉडीला. ८६ ला डॅशबोर्डच्या स्विचमधून येणारी बारीक वायर. स्विचला पुरवठा पार्किंग लाइटच्या लाइनवरून घ्या, म्हणजे गाडी लावून घरी गेलात आणि पार्किंग बंद केलंत की फॉग लॅम्पही बंद होतील. स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल, एक अँपिअरचा पाचवा-सहावा हिस्सा. मोठा करंट बॅटरीपासून दीड मीटरमध्ये दिव्याशी पोहोचतो, वाटेत जेमतेम दशांश व्होल्ट सांडतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा. पाना घसरला आणि प्लसवरून बॉडीला टेकला तर जो जाळ होतो तो एकदा बघितलेला माणूस ही सूचना विसरत नाही. मी एकदाच बघितलाय, स्वतःच्या हातातल्या पान्यावर.

फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीच्या जवळ. दिव्याच्या जवळ फ्यूज लावणारे बरेच भेटतात. मग बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे खरचटून बॉडीला लागली तर तिला थांबवणारं मध्ये कुणी उरत नाही.

रिले बसवताना त्याचे पाय खाली येतील असा बसवा आणि त्याच्यात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी पागोळीसारखं झोळाच्या तळाशी गळून जाईल, रिलेत शिरणार नाही. पुण्यात हे नाही केलं तरी बरीच वर्षं चालतं. इथे एक पावसाळाही नाही चालत.

आता मूळ मुद्दा.

ब्रेक दाबला की मागचा दिवा विझतो, हे गेल्या वर्षी मालवणच्या एका मासळीवाल्याने मला सांगितलं ते असं: "मेस्त्री, ब्रेक मारलंय काय मागचो दिवो जाता. गाडीत भूतबीत बसलां काय?" मी त्याला मागे उभा केला, मी आत बसून लाइट लावली, ब्रेक दाबला. डावा दिवा विझला. सोडला, पेटला. मग मी गॅरेजमधली एक वायर घेतली, एक टोक दिव्याच्या होल्डरला धरलं आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. "मार आता ब्रेक." दोन्ही बाजू लालभडक. भूत वायरीच्या एका तुकड्याने उतरलं.

झालं काय होतं? मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, टेलचं पाच वॅटचं आणि ब्रेकचं २१ वॅटचं. दोघांची एकेक बाजू वेगळी आणि दुसरी बाजू सामाईक, ती बल्बच्या पितळी बुडातून होल्डरला, होल्डरमधून बॉडीला. ही बॉडीची वाट गंजली की दोन्ही फिलामेंट अधांतरी. पण वीज गप्प बसत नाही, ती दुसरी वाट शोधते. टेल लाइट लावली की करंट पाच वॅटच्या फिलामेंटमधून सामाईक टोकाला येतो, तिथून बॉडीला जायला रस्ता नाही, म्हणून उलटा ब्रेकच्या फिलामेंटमध्ये शिरतो, ब्रेकच्या वायरीतून उजव्या बाजूच्या ब्रेकच्या फिलामेंटमध्ये आणि तिथून उजव्या होल्डरच्या बॉडीला. म्हणजे एक पाच वॅटचं आणि दोन २१ वॅटची, तिघांची सिरीज. पेटतं कोण? पाच वॅटचं. म्हणून टेल लाइट ठीकच वाटते आणि कुणालाही शंका येत नाही. मग तुम्ही ब्रेक दाबता. ब्रेकच्या वायरीवरही १२ व्होल्ट येतात. आता डाव्या बल्बच्या दोन्ही फिलामेंटांच्या सगळ्या टोकांना १२ व्होल्ट, उतार कुठेच नाही, दिवा विझला. तो डॅशबोर्डचा लाल दिवा आठवा.

हाच आजार वेगवेगळी सोंगं घेतो. डावा इंडिकेटर लावला की टेल लाइट त्याच्याबरोबर लुकलुकते. लाइट बंद असताना ब्रेक दाबला की नंबर प्लेटचा दिवा मंद पेटतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर हलकेच उजळतो. मागच्या दिव्यांत एक केलं की भलतंच काहीतरी घडत असेल तर बल्ब बदलत बसू नका, स्विच उघडू नका, आधी अर्थिंग, म्हणजे बॉडीची जोडणी, बघा. दहापैकी नऊ वेळा तिथेच सापडतं.

सिरीजमध्ये कमी वॅटचा बल्ब पेटतो यावर माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांचा विश्वास बसत नाही. मी त्यांना बाकावर बॅटरी ठेवून एक पाच वॅटचा आणि एक २१ वॅटचा बल्ब एकामागोमाग जोडायला लावतो आणि आधी विचारतो, कुठला जोरात पेटेल? सगळे मोठ्याकडे बोट दाखवतात. जोडल्यावर लहानगा जवळजवळ पूर्ण पेटतो आणि मोठा ढिम्म, त्याचं फिलामेंट तांबूससुद्धा होत नाही. कारण थंड फिलामेंटचा विरोध तापलेल्याच्या मानाने दहावा हिस्सादेखील नसतो. तो नुसता वायरीसारखा पडून राहतो आणि सगळे व्होल्ट लहान्यावर पडतात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की टेल लॅम्पचं कोडं पुन्हा समजवावं लागत नाही. तुम्हीही करून बघा, दोन बल्ब आणि चार तुकडे वायर लागतात.

गंज नेहमी वाट पूर्ण बंद करतो असं नाही. बहुतेक वेळा तो वाट अरुंद करतो, आणि ते जास्त वाईट. समजा हेडलाइटच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये, कळंक चढून अर्धा ओहम विरोध आला. ५५ वॅटच्या तापलेल्या बल्बचा स्वतःचा विरोध २.६ ओहम. म्हणजे जवळजवळ दोन व्होल्ट कळंकानेच खाल्ले, उजेड निम्म्यावर. आणि ते दोन व्होल्ट हवेत जात नाहीत. चार अँपिअरच्या हिशेबाने सात-साडेसात वॅट उष्णता त्या नखाएवढ्या पिनेवर तयार होते. प्लॅस्टिकचे कपलर वितळून चहाच्या रंगाचे झालेले तुम्ही पाहिले असतील ते यानेच. अशा वेळी लोक काय करतात? उजेड कमी पडतो म्हणून १००/९० वॅटचा बल्ब घालतात. करंट वाढतो, कपलर आणखी तापतो, विरोध आणखी वाढतो, आणि एक दिवस होल्डर बल्बसकट हातात येतो.

कोकणात हे जास्त का होतं ते सांगायला नको. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ, चार महिने पाऊस, आणि मीठ असलेलं ओल करंट वाहून नेतं, त्यामुळे तांबं आणि पितळ जिथे लोखंडाला टेकतं तिथे झिजण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. मासळीच्या गाड्यांचं तर विचारू नका. बर्फ वितळून मिठाचं पाणी हौद्याच्या मागच्या फळीखालून थेंब-थेंब गळतं ते नेमकं टेल लॅम्पवर. मिरकरवाड्याहून, हर्णैहून, मालवणहून येणाऱ्या गाड्यांचे मागचे होल्डर मी उघडतो तेव्हा आत हिरवी भुकटी आणि खवले दोन्ही निघतात. तुमची गाडी वर्षातले आठ महिने तेच काम करते.

शिवाय पिकअपचा हौदा चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बोल्टने बसवलेला असतो, मध्ये रबर किंवा लाकडाची पॅकिंग, वरून रंग. मागचे दिवे हौद्याला किंवा त्याच्या पट्टीला लावलेले. म्हणजे दिव्याचा करंट परत यायचा तर स्क्रूमधून पट्टीत, पट्टीतून गंजक्या बोल्टमधून चेसिसमध्ये, चेसिसमधून इंजिनाच्या अर्थ-पट्ट्याने बॅटरीला. पाच-सहा सांधे, सगळे सिरीजमध्ये, आणि प्रत्येकाने थोडं-थोडं खायचं.

म्हणून बॉडीवर विसंबू नका. दोन्ही मागच्या दिव्यांच्या होल्डरपासून दीड चौरस मिलिमीटरची वेगळी अर्थ वायर काढा, चेसिसवर एकाच ठिकाणी आणा. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत करा, वायरीच्या टोकाला थिंबल (बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) दाबून बसवा, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली भरपूर फासा. बॅटरीच्या मायनसपासून चेसिसला आणि इंजिनला जाणारे पट्टेही एकदा सोडून साफ करा. फॉग लॅम्पची अर्थही बंपरला देऊ नका. बंपर स्वतः कशाने जोडलाय ते वाकून बघा, मग कळेल.

वायरी जोडताना सोलून, पिळून, वर टेप हा प्रकार इथे बंद करा. टेप पाणी अडवत नाही, आत आलेलं पाणी धरून मात्र ठेवतो. दाबून बसवायचे जोड वापरा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी तापवून बसवा. डाग दिलात, म्हणजे सोल्डर केलंत, तरी हरकत नाही, पण डागाच्या शेवटी वायर ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते, म्हणून तो भाग बांधून घ्या. बंदरावर होड्यांचं वायरिंग करणाऱ्यांकडे कल्हई केलेल्या तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या. घरातल्या पातेल्याला कल्हई कळंक चढू नये म्हणून लावतात, होडीच्या वायरीलाही त्याचसाठी.

एक वाईट खोड आमच्याच धंद्यातली: टेस्टरची सुई वायरीच्या वरच्या आवरणात खुपसून करंट आहे का बघणे. सुई काढली की भोक राहतं. त्यातून खारी हवा आत जाते आणि सहा महिन्यांनी तिथे वायर आतून हिरवी होऊन तुटते, वरून काही दिसत नाही. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं हे केलंय आणि नंतर त्याच गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला आल्यात. आता कपलरच्या मागून सुई घालतो.

पाणी आवरणाच्या आत किती लांब जातं हे मला २०२१ साली चिपळुणात कळलं. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर दोन महिने मी तिथल्या एका दोस्ताच्या गॅरेजात कामाला होतो. बुडालेल्या गाडीची वायर टोकाला कापायची, तांबं काळं. वीतभर आत कापायची, तरी काळं. हातभर आत गेल्यावर चकाकी दिसायची. बारीक तारांच्या मधल्या फटींतून पाणी वातीतल्या तेलासारखं वर चढतं. नुसती टोकं साफ करून दिलेल्या गाड्या दिवाळीनंतर पुन्हा आल्या.

आता तपासायचं कसं. मल्टीमीटर असेल तर दिवा चालू ठेवूनच मोजा. दिवा बंद ठेवून किंवा बल्ब काढून मोजलं तर एका तारेवर लोंबकळणारी वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर करंट ओढतच नाही. दिवा पेटलेला ठेवा, मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी दिव्याच्या होल्डरच्या अर्थवर. एक-दोन दशांश व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. अर्धा, एक, दीड दाखवत असेल तर तेवढे व्होल्ट गंज खातोय. तसंच प्लसच्या बाजूला: एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी दिव्याच्या प्लसवर. मीटर नसेल तर मी त्या मासळीवाल्याला दाखवलं तेच करा, वेगळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला धरा आणि उजेड वाढतो का बघा.

फॉग लॅम्पच्या ऐवजी एलईडी घालू का, असं पुढे विचाराल म्हणून सांगतो. घाला, करंट कमी लागतो. पण ते सिरीजमध्ये जोडायचा विचारही करू नका. त्यांच्या आत स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स असते, दोन एकामागोमाग जोडले तर एक लुकलुकेल किंवा दोन्ही मुके बसतील. इंडिकेटरला एलईडी घातले तर तो लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालाय आणि टकटक दुप्पट वेगाने सुरू होते, तिथे फ्लॅशर एलईडीचा घ्यावा लागतो. गंजाचं म्हणाल तर एलईडीला अर्थ कच्ची असली की तो मंद होत नाही, एकतर चालतो नाहीतर बंद पडतो किंवा थरथरतो. म्हणजे आजार उशिरा कळतो, एवढाच फरक.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर एक गंमत करा, जिथे सिरीज खरोखर कामाची आहे. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये एक जुना हेडलाइटचा बल्ब जोडा. लाइनवरचे दिवे काढून ठेवा. कुठे शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण पेटेल, आणि वायरही जळणार नाही कारण बल्ब करंट धरून ठेवतो. आता वायरिंग हलवत जा, एकेक कपलर सोडत जा. ज्या क्षणी बल्ब विझेल तिथे शॉर्ट. दहा-दहा फ्यूज जाळण्यापेक्षा हे स्वस्त. उंदराने कुरतडलेली वायर मी नेहमी अशीच शोधतो.

तुमच्या गाडीवर काम करायचा क्रम मी असा धरीन: आधी मागची अर्थ, कारण ब्रेकचा दिवा न दिसणं घाटात सगळ्यात धोक्याचं आहे. मग रिले. दिवे भावाने जोडलेत तसेच पॅरलल राहू द्या, फक्त वायर बदला. आणि तो तापणारा स्विच फेकू नका. आत काळा पडला नसेल तर रिलेच्या कॉइलपुरता तो गाडी भंगारात जाईपर्यंत चालेल.